सोमवारी सकाळी बंद पडणारी पद्मिनी : जुन्या गाडीतला विजेचा बिघाड शोधताना

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

मागे आवाज येतोय ना? ठीक.

आजचा विषय हात काळे करणारा आहे. जुन्या गाडीतली वीज. जुनी म्हणजे कुठली, तर जिच्यात कॉम्प्युटर नाही अशी. फियाट, पद्मिनी, अँबेसेडर, कार्बोरेटरवाली मारुती आठशे, जुन्या जीपा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. तिथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर काळीपिवळी पद्मिनी अधिकृतपणे उरली नाही. पण घरोघरी अजून आहेत. वडिलांची आठवण म्हणून ठेवलेल्या, हौसेने रंगवलेल्या, काही तर रोज ऑफिसला जाणाऱ्या. गाड्या आहेत, पण त्यांची वायरिंग ओळखणारे जुने वायरमन निवृत्त झालेत. नवीन मुलं हुशार आहेत, पण गाडी आली की आधी स्कॅनरचा सॉकेट शोधतात. पद्मिनीत तो सापडायचा नाही. (हशा)

मी चाळीसेक वर्षं हेच काम केलं. त्यामुळे पुस्तकी क्रमाने न बोलता एका गाडीपासून सुरुवात करतो.

एक गृहस्थ आले. पद्मिनी, वडिलांची. डायनामो काढून आल्टरनेटर बसवलेला. म्हणाले, "सर, दोन वर्षांत तीन बॅटऱ्या झाल्या. प्रत्येक ठिकाणी सांगतात, बॅटरी गेली, नवीन टाका." मी विचारलं, "बंद कधी पडते?" म्हणाले, "केव्हाही पडते हो." मी म्हटलं, "केव्हाही असं कधी नसतं. आठवून सांगा, वार कोणता असतो?" त्यांच्या सौभाग्यवती बरोबर होत्या, त्यांनीच पट्कन सांगितलं, "सोमवार. दर सोमवारी माझ्या स्कूटरवर जातात."

हे उत्तर मिळालं तिथे निम्मं काम झालं. का ते नंतर सांगतो. आधी थोडी वीज समजून घेऊ, कारण ती न समजता टेस्ट लॅम्प हातात घेणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

वीज वाहायची तर तिला गोल पूर्ण करायला लागतो. बॅटरीच्या प्लसमधून निघायचं, फ्यूज, स्विच, बल्ब असं करत परत मायनसला यायचं. घरात आपण दोन वायरी ओढतो, एक जाणारी, एक येणारी. गाडीत येणारी वायर नसतेच. बल्बची दुसरी बाजू थेट बॉडीच्या पत्र्याला. बॅटरीचा मायनसही पत्र्याला. म्हणजे सगळी गाडी हीच परतीची वायर. याला आपण बॉडी अर्थ म्हणतो. कंपनीची तांब्याची बचत झाली, वजन वाचलं. नवी गाडी असताना ही युक्ती सुरेख चालते. पण पत्रा गंजतो. रंगवाला येतो आणि ज्या स्क्रूखाली अर्थ आहे त्याच्यावरच प्रायमर मारतो. कोकणात, मुंबईत खारी हवा. चाळीस वर्षांनी ही परतीची वायर जागोजाग कुजलेली असते, आणि मजा अशी की ती कोणत्याच वायरिंगच्या नकाशात वायर म्हणून दिसत नाही. म्हणून लोक तिला तपासतच नाहीत.

माझा अनुभव विचाराल तर जुन्या गाडीतली अर्ध्याहून जास्त भुतं अर्थची असतात. भुतं म्हणतो कारण लक्षणं तशीच असतात. ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे मंद पेटतात. इंडिकेटर टाकला की मागचा लाल दिवा त्याच्या तालावर फडफडतो. मालक घाबरतो, वाटतं सगळी वायरिंग आतून एकमेकांत मिसळली. तसं काही नसतं. मागच्या दिव्यात बहुतेक दोन फिलामेंटचा एकच बल्ब असतो, एक पार्किंगची, एक ब्रेकची. दोघींचा अर्थ एकच, बल्बच्या पितळी बुडातून. आता समजा तो अर्थ गंजला. ब्रेक दाबला, करंट ब्रेकच्या फिलामेंटमधून खाली आला आणि बघतो तर परतीचा रस्ता बंद. मग तो काय करतो, शेजारच्या पार्किंगच्या फिलामेंटमधून उलटा वर चढतो, पार्किंगच्या वायरीत शिरतो, आणि त्या वायरीवर जे जे दिवे आहेत, पलीकडचा मागचा दिवा, नंबरप्लेटचा, डॅशबोर्डचा, त्यांच्या चांगल्या अर्थमधून घरी जातो. जाता जाता त्यांना मंद पेटवतो. हे एकदा डोक्यात बसलं की भूत पळतं. दिव्याच्या होल्डरपासून चांगल्या पत्र्यापर्यंत एक वायर लावून बघायची. दिवे शहाण्यासारखे वागू लागले तर होल्डरचा स्क्रू काढा, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करा, घट्ट बसवा, वरून थोडं व्हॅसलीन. दहा मिनिटांचं काम.

अर्थचाच एक मोठा भाऊ आहे, त्याच्याकडे जरा नीट बघू. इंजिन चेसिसवर रबराच्या माउंटिंगवर बसतं. रबर वीज नेत नाही. म्हणजे विजेच्या हिशोबाने इंजिन हवेत तरंगतं. म्हणून इंजिन आणि बॉडीच्या मध्ये एक जाड विणलेली पट्टी असते. इंजिन उतरवलं, क्लच केला, की ती पट्टी परत लावायची राहते किंवा तिचा बोल्ट गंजलेला तसाच आवळला जातो. मग सेल्फ मारला की काय होतं? सेल्फला शंभर-दीडशे अँपियर करंट लागतो. तो परतीचा रस्ता शोधतो आणि इंजिनपासून बॉडीपर्यंत जी कुठली धातूची वस्तू जात असेल ती पकडतो. चोकची केबल. अॅक्सिलरेटरची केबल. सेल्फ दमल्यासारखा फिरतो आणि चोकच्या नॉबमागून धूर येतो. चोकच्या केबलला विजेशी काय देणंघेणं, असं वाटून माणूस केबल बदलतो. नवीन केबलही जळते.

याची तपासणी सोपी. जंप केबल घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला, रंग नसलेल्या जागी. गाडी न्यूट्रलमध्ये. सेल्फ मारा. खणखणीत उचलला तर बॅटरी दोषी नाही, सेल्फ दोषी नाही, पट्टी दोषी.

आता मल्टिमीटर. तीनशे-चारशे रुपयांचा सुद्धा चालतो, पण तो काय सांगतो आणि काय लपवतो हे माहीत पाहिजे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. ११.९ च्या खाली म्हणजे उतरलीच. इंजिन चालू, थोडी रेस दिलेली, तेव्हा १३.८ ते १४.४ दिसले पाहिजेत. त्याहून कमी म्हणजे चार्जिंग नाही, १५ च्या वर गेले तर कटआउट बिघडलाय आणि बॅटरीचं पाणी उकळतंय. डायनामोवाली गाडी असेल तर आयडलिंगला चार्जिंग न दिसणं स्वाभाविक आहे, तिथे घाबरू नका, रेस देऊन बघा.

इथपर्यंत सगळे करतात. चूक पुढे होते. हेडलाइट मंद आहे. माणूस बल्बची पिन काढतो, पिनमध्ये मीटर लावतो, १२.५ व्होल्ट दिसतात. म्हणतो, व्होल्टेज बरोबर येतंय, बल्ब खराब. नवीन बल्ब घालतो, तोही मंद. कारण काय? मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. समजा वायरीत वीस तारा होत्या, एकोणीस तुटल्या, एक उरली. मीटरला ती एक पुरते. पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो. पण बल्बला साडेचार अँपियर पाहिजेत. ते त्या एका तारेतून ओढायला गेलं की व्होल्टेज मध्येच खाल्लं जातं. नळाचं तसंच असतं बघा, पाइपात चोंदलं असलं तरी तोटी बंद असताना दाब पूर्ण असतो, उघडली की करंगळीएवढी धार.

म्हणून नियम असा की मोजायचं ते दिवा लागलेला असताना, पिन जोडलेली ठेवून. आणि नुसतं बल्बवर नाही, तर वाटेत किती खाल्लं ते मोजायचं. मीटरची लाल काडी बॅटरीच्या प्लसवर, काळी काडी बल्बच्या प्लस पिनवर. चांगल्या वायरीत जवळजवळ काहीच दिसणार नाही, पाव-अर्धा व्होल्ट फार तर. मग एक काडी बल्बच्या अर्थवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर. इथे ०.२ च्या वर गेलं की अर्थ साफ करायला घ्या.

एका गाडीचे आकडे सांगतो. इंजिन चालू, बॅटरीवर १३.८. हेडलाइटवर ११.२. मधले २.६ व्होल्ट गेले कुठे? प्लसच्या बाजूने मोजलं, १.६. अर्थच्या बाजूने मोजलं, १.०. बेरीज जुळली. बेरीज जुळते तेव्हा समजायचं, मोजणीत चूक नाही. आणि लक्षात ठेवा, व्होल्टेज जितकं पडतं त्याच्या कितीतरी पट प्रकाश पडतो. जिथे १२ पाहिजेत तिथे साडेदहा मिळाले तर उजेड जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतो.

पण माझी काळजी उजेडाची नव्हती. १.६ व्होल्ट वाटेत खाल्ले जातात म्हणजे ते नाहीसे होत नाहीत, त्यांची उष्णता होते. दोन हेडलाइट, नऊ अँपियर. नऊ गुणिले १.६, साधारण चौदा वॅट. डाग मारायची आपली छोटी सोल्डरिंग पंचवीस वॅटची असते. तिच्या निम्म्याहून जास्त आच डॅशबोर्डच्या मागे, कुठल्यातरी सैल पिनेत किंवा स्विचच्या कॉन्टॅक्टमध्ये, गाडी चालेल तितका वेळ चालू. आजूबाजूला जुनी कडक झालेली वायर, धूळ, फेल्टचा तुकडा.

शोधायचं कसं, तर तेच मोजमाप तुकड्या-तुकड्याने. फ्यूजच्या अलीकडे-पलीकडे, स्विचच्या आत-बाहेर, डिपरच्या आत-बाहेर. जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथे थांबायचं. त्या गाडीत १.६ पैकी १.१ एकट्या डिपरच्या स्विचमध्ये होते. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट स्विच आणि डिपरमधून फिरून येतो. त्यात लोकांनी शंभर-नव्वदचे बल्ब घातलेले. दोन शंभरचे बल्ब म्हणजे सोळा-सतरा अँपियर. तो स्विच त्याच्यासाठी केलेलाच नाही. समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. उपाय म्हणजे रिले. बॅटरीवरून फ्यूज लावून जाड वायर थेट रिलेला, तिथून बल्बला. स्विचने फक्त रिले उचलायचा, पाव अँपियरचं काम. साधे पंचावन्न-साठचे बल्ब असे पेटतात की मालक विचारतो, बल्ब बदलले का.

फियाट घराण्यातल्या गाड्यांत आणखी एक जागा बघायची, फ्यूजबॉक्स. चिनी मातीच्या कांडीवर धातूची पट्टी, दोन्हीकडे टोकदार, स्प्रिंगच्या पत्तीत अडकवलेली. फ्यूज डोळ्याला चांगला दिसतो पण टोकावर पांढरी-हिरवी बुरशी. बोटाने जागच्या जागी गोल फिरवला की वायपर चालू, पुढच्या पावसात परत बंद. पत्त्या घासून जराशा आत दाबायच्या. वायपर मोटर उतरवायच्या आधी हे करून बघा, एवढंच सांगतो.

आता फ्यूजचा विषय निघालाच आहे तर माझी एक चूक सांगतो. लपवून उपयोग नाही.

१९९१ साल. नवीन दुकान, कामाची घाई. एक अँबेसेडर आली, हॉर्नचा फ्यूज वारंवार उडत होता. पुढे त्यांना कोल्हापूरला जायचं होतं, बायको-दोन मुलं गाडीत बसलेली. मी दहा मिनिटं शोधलं, सापडलं नाही. तेव्हा सगळे करायचे तेच केलं. सिगारेटच्या पाकिटातली चांदी फ्यूजवर गुंडाळली आणि म्हटलं, "तात्पुरतं आहे, आल्यावर दाखवा." खंबाटकी घाटात डॅशबोर्डमधून धूर निघाला. त्या माणसाने प्रसंगावधान राखलं, सगळ्यांना उतरवलं, बोनट उघडून बॅटरीची वायर उपटली. कुणाला काही झालं नाही. चौथ्या दिवशी तो एसटीने आला, जळलेल्या वायरिंगचा वीतभर तुकडा टेबलावर ठेवला, आणि म्हणाला, "हे तुमचं." एक शब्द जास्त बोलला नाही.

तो तुकडा हा. पुढे पाठवतो, बघा. आठ-दहा वायरी होत्या, आता एकच काळी काठी झालीये. फ्यूज उडत होता तो मला सांगत होता की कुठेतरी वायर पत्र्याला लागतेय. मी सांगणाऱ्याचंच तोंड बंद केलं. मग ती आच पुढे वायरीने घेतली.

मी तेव्हा काय करायला पाहिजे होतं? ही युक्ती मला नंतर कळली आणि आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या. उडालेला फ्यूज काढायचा आणि त्याच्या जागी एक एकवीस वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरींनी लावायचा. शॉर्ट असेल तर काय होईल? सगळं व्होल्टेज बल्बवर येईल, बल्ब लख्ख पेटेल, पण करंट पावणेदोन अँपियरच्या वर जाऊच शकत नाही. काही जळणार नाही, फ्यूजची डबी संपणार नाही. आता बल्ब पेटलेला ठेवून वायरिंग हलवत जायचं. स्टिअरिंगच्या कॉलमपाशी, दाराच्या बिजागरीपाशी, डिकीच्या झाकणापाशी, जिथे जिथे वायर वाकते किंवा पत्र्याच्या भोकातून जाते तिथे. ज्या क्षणी बल्ब विझेल किंवा एकदम मंद होईल, तुमचा हात शॉर्टवर आहे. अट एकच, त्या फ्यूजवरची बाकीची उपकरणं आधी सुटी करायची, नाहीतर त्यांच्यामुळेही बल्ब थोडा पेटतो आणि फसवतो. त्या अँबेसेडरमध्ये स्टिअरिंग कॉलमच्या आत हॉर्नची वायर घासली होती. बल्ब लावून पाच मिनिटांत सापडली असती.

चला, सोमवारच्या पद्मिनीकडे.

सोमवार का महत्त्वाचा? गाडी रोज चालते, रोज चार्ज होते, रोज सुरू होते. शनिवार-रविवार उभी राहते, सोमवारी मेलेली. म्हणजे चार्जिंग बहुधा ठीक आहे, बॅटरीही ठीक असेल, पण गाडी उभी असताना काहीतरी गुपचूप करंट खातंय. याला आम्ही लिकेज म्हणतो. मोजायची रीत अशी. सगळे स्विच बंद, चावी काढलेली, दारं बंद. दार उघडं लागत असेल तर आतल्या दिव्याचं बटण दाबून ठेवा. बॅटरीचा मायनस सोडवा. मायनसचा खांब आणि सोडवलेली वायर यांच्यामध्ये आधी टेस्ट लॅम्प लावा. भक्कन पेटला तर करंट मोठा आहे, मीटर लावू नका, मीटरचा फ्यूज जाईल. मंद पेटला किंवा नाही पेटला तर मीटर १० अँपियरच्या भोकात लावून जोडा. आणि मीटर मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नका.

साध्या जुन्या गाडीत, घड्याळ-रेडिओ नसेल तर, शून्य दिसलं पाहिजे. असतील तर काही मिलिअँपियर. इथे ०.६ अँपियर दिसत होते.

०.६ ऐकायला किरकोळ. हिशोब करू. शुक्रवारी संध्याकाळी सातला गाडी लावली, सोमवारी सकाळी नऊला काढली. बासष्ट तास. बासष्ट गुणिले ०.६, सदतीस अँपियर-तास. बॅटरी चाळीसची. संपली! इतर दिवशी रात्रीत आठ-साडेआठ जातात, ते रोजच्या चालण्यात बऱ्यापैकी भरून निघतात. आणि लेड अॅसिडची बॅटरी दर आठवड्याला तळाला गेली की प्लेटांवर सल्फेट घट्ट धरतं. तीन बॅटऱ्या खरोखरच मेल्या होत्या. दुकानदार खोटं बोलत नव्हते. त्यांनी फक्त मारणारा शोधला नव्हता.

मग एकेक फ्यूज काढत गेलो. ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या वाटेवर चोर. सगळे फ्यूज काढले, आकडा तिथेच. इथे पुष्कळजण हात टेकतात. पण जुन्या गाडीत सगळं काही फ्यूजमधून जात नाही. आल्टरनेटरची जाड वायर नाही जात, आणि आल्टरनेटरचा डायोड गळका झाला तर बॅटरी रात्रभर त्याच्यातून उलटी गळते. ती वायर सोडवली. आकडा तिथेच. मग बॅटरीचा प्लस बघितला. तीन वायरी. एक सेल्फची, एक गाडीच्या वायरिंगची, आणि एक लाल, चकचकीत, जी पद्मिनीची नाहीच. ती सोडवली आणि मीटर शून्यावर.

मी विचारलं, "ही कशाची?" म्हणाले, "काही कल्पना नाही सर." वायरीच्या मागे गेलो. डिकीत, स्टेपनीच्या मागे, एक अँप्लिफायर. मालकांना आठवलं. धाकट्या भावाने हौसेने म्युझिक सिस्टिम बसवली होती. मग विचारलं, "स्टीरिओ कुठेय?" "काढून टाकला. भाऊ घेऊन गेला." "कधी?" थोडा वेळ विचार करून म्हणाले, "दोनेक वर्षं झाली." आणि बोलता बोलताच थांबले. बॅटऱ्या जायला लागल्या त्यालाही दोन वर्षं झाली होती.

स्टीरिओ चालू झाला की तो एका बारीक वायरीने अँप्लिफायरला 'जागा हो' सांगतो. स्टीरिओ काढणाऱ्याने ती मोकळी वायर दुसऱ्या एका सुट्या वायरीशी पिळून वर काळी टेप गुंडाळली. ती दुसरी नेमकी प्लसची होती. तेव्हापासून तो अँप्लिफायर रात्रंदिवस जागा.

मालक खूश झाले, पाकीट काढायला लागले. मी म्हटलं, थांबा, वायर पूर्ण काढू. ती लाल वायर बोनटमधून आत जिथे शिरत होती तिथे पत्र्याला नुसतं भोक पाडलेलं, रबराची ग्रोमेट नाही. भोकाच्या धारेने वायरीचं प्लास्टिक निम्मं कापलं होतं, आत तांबं दिसत होतं. आणि त्या वायरीवर सबंध लांबीत एकही फ्यूज नाही. हातभर अंतरावर पेट्रोलचा रबरी पाइप. गाडी सोसायटीच्या खाली, पार्किंगमध्ये लागते. वर चार मजले. ती धार अजून थोडी आत गेली असती तर बॅटरीने शेकड्यांनी अँपियर त्या वायरीत ओतले असते, गाडी बंद असताना, चावी घरात असताना. मी वायर त्यांच्या हातात दिली. ते बराच वेळ तिच्याकडे बघत बसले.

म्हणून बाहेरून काहीही बसवा, हॉर्न, फॉगलाइट, पंखा, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात असला पाहिजे. उपकरणाजवळ लावलेला फ्यूज उपकरण वाचवतो, मधल्या वायरीला तो वाचवू शकत नाही, कारण वायर त्याच्या अलीकडे आहे.

आणि बॅटरीला हात लावताना आधी मायनस सोडवायचा, जोडताना मायनस शेवटी. उलटं केलंत आणि प्लसच्या नटावरचा पाना पत्र्याला लागला की पान्याची वेल्डिंग होते. एक सावधगिरी, काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस अर्थ असतो. तिथे हे सगळं उलटं. बॉडीला कोणती वायर गेलीये ते बघून मगच पाना उचला.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : अँबेसेडरच्या वायरींच्या रंगांना काही अर्थ असतो का?

असतो. मॉरिसच्या घराण्यातल्या गाड्यांना ल्युकसची रंगांची पद्धत. तपकिरी म्हणजे बॅटरीवरून थेट, कायम जिवंत. पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत, फ्यूजशिवाय. हिरवी म्हणजे तीच फ्यूजमधून पुढे. जांभळी कायम जिवंत पण फ्यूजमधून. लाल पार्किंगची, निळी हेडलाइटची, काळी अर्थ. पण साहेब, ही कागदावरची गोष्ट. तुमच्या गाडीत आजवर पाच वायरमननी हात घातलाय आणि प्रत्येकाने त्या दिवशी दुकानात जो रंग होता तो वापरलाय. शिवाय चाळीस वर्षांच्या तेलाने सगळ्या वायरी तपकिरीच दिसतात. टोकाची टेप सोडून आतला रंग बघा, आणि मीटरने खात्री करा. जे सापडेल ते वहीत लिहून ठेवा. तुमच्या गाडीचा खरा नकाशा तीच वही.

प्रश्न : मी इंडिकेटरला एलईडी बल्ब टाकले, तेव्हापासून ब्लिंक होत नाहीत. वायरिंगचा दोष?

दोष नाही. जुना फ्लॅशर करंटने तापतो आणि तापून तोडतो, थंड झाला की जोडतो. एलईडी इतका कमी करंट घेतो की तो तापतच नाही. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर मिळतो, तो टाका. किंवा साधे बल्ब परत लावा, मी तेच केलं असतं.

प्रश्न : सर, माझी पद्मिनी पुरात दोन दिवस उभी होती. सुकवून चालू झाली. पण कधी काय बंद पडेल नेम नाही. एकेक दोष शोधत बसू की सगळं वायरिंग नवीन टाकू?

पाणी कुठपर्यंत होतं? ... सीटपर्यंत. मग एकेक शोधू नका. एक वायर कुठेतरी मधे सोलून बघा. तांबं गुलाबी, चकचकीत असेल तर वाचली. काळं पडलं असेल, नखाने खरवडून चमक येत नसेल, तर पाणी वायरीच्या आत केशासारखं चढत गेलंय. तिच्यावर डागसुद्धा धरत नाही. तशी चार-पाच ठिकाणी बघा. दोन-तीन ठिकाणी काळी निघाली तर पूर्ण हार्नेस बदला. पैसे जातील, आठवडाभर गाडी उभी राहील. पण जुना हार्नेस काढाल तो फेकू नका, फांद्यांसकट अख्खा जमिनीवर पसरा आणि त्याच्या मापाने नवीन बांधा. आणि वायरमन फ्यूजबॉक्स तोच ठेवू म्हणाला तर ऐकू नका, तोही त्याच पाण्यात होता. तोपर्यंत रात्री गाडी लावली की बॅटरीचा मायनस सोडून ठेवत जा. आजपासूनच.